आजोबांचं अस्वल, बेटावरची मगर

सांगा राजेहो, माणसानं भरवसा ठेवायचा तरी कोणावर? आठ दिवस दुकान बंद ठेवून आम्ही नवराबायको अकोल्याहून अंदमानला गेलो. पहिल्या दिवशी बोटीत गाईड भेटला. गप्पांच्या भरात मी त्याला माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. चिखलदऱ्याच्या जंगलात, मोहाच्या झाडाखाली अस्वल अंगावर आलं, तेव्हा आजोबांनी त्याच्या नाकावर तपकीर उडवली आणि अस्वल शिंकत पळालं.

दुसऱ्या दिवशी एका बेटावर तोच गाईड नव्या पाहुण्यांना सांगत होता, "ये हमारे टापू की पुरानी कहानी है. महुए के पेड के नीचे मेरे दादाजी पर मगर झपटा..."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काहून बे, इस टापू पे महुआ कहाँ से आया?"

"साब, पहले था."

"और मगर छींकता क्या?"

तेवढ्यात बायकोनं माझी बाही ओढली. "अवो, चूप बसा ना. तुमच्यापेक्षा तो चांगली सांगून राहिला!"

म्हणजे गोष्ट चोरली त्यानं, अन् चूप बसायचं मी! तुम्ही ही गोष्ट खुशाल चारचौघांत सांगा. पण आजा कोणाचा, एवढा हिशेब इमानदारीनं ठेवजा.