बजरंगमामांनी बुजवलेली बिळं

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य केदारनाथ सर, व्यासपीठावरील मान्यवर, मामांच्या शेजारी जरा अवघडून बसलेल्या त्यांच्या पत्नी वच्छलाबाई, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो. आणि ज्यांच्यासाठी वडवणीचा आठवडी बाजार सोडून आपण इथे जमलो, ते आपले बजरंगमामा! सर्वांना धनश्रीचा नमस्कार.

मामांनी बत्तीस वर्षे आपली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. मी एका पालीची गोष्ट सांगते. मागच्या रांगेत पाय वर घेतले गेले, बघितलं मी! अहो, ही भिंतीवरची नव्हे. ही समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडात बीळ करून राहते. करंगळीएवढी, वाळूच्याच रंगाची. माझ्या पीएचडीचा विषय.

नऊ वर्षांपूर्वी मामांना मदतीला घेऊन मी कोकणात गेले. परवानगी आठ दिवसांची. त्यातले सहा बिळं मोजण्यातच गेले. भरली दोनशे चौदा! पण पाल नेमकी कशात आहे, हे कळावं कसं? उकरावं तर तिचं घर मोडतं. सातव्या सकाळी जाऊन बघते, तर टेकाड सपाट. आदल्या संध्याकाळी मामांनी सगळी बिळं बुजवलेली!

"मामा, कावून बुजवली?" मी ओरडलेच.

"आमच्यात मेंढरं बसवायच्या आधी बिळं बुजवत्यात, मॅडम. कोकराचा पाय मोडतो. तुमी दोनदा ठेचकाळल्या, म्हनून..."

मी रागाच्या भरात म्हणाले, "जा तुमच्या गावी, चकलांब्याला, मेंढरंच राखा!"

मामा टेकाडावर खाली मान घालून हिंडत राहिले. थोड्या वेळाने तिथूनच हाक आली. "मॅडम, इकडं या. हे आतून उकरलंय. रानात उंदराचं बी आमी असंच बघतो. ज्यात जीव हाय, ते बीळ सकाळी उघडंच दिसतं."

तेवीस बिळं उघडली होती. चौदांपुढे खेकड्यांनी वाळूचे ढीग टाकलेले. उरलेल्या नवांपुढे बारीक बोटांचे ठसे आणि शेपटीची रेघ. मेंढरांचा माग काढणाऱ्या डोळ्यांना ते लगेच दिसलं; मला दाखवावं लागलं.

माझा सगळा प्रबंध त्या नऊ बिळांवर उभा आहे. त्यात मी लिहिलं, 'बिळे सायंकाळी बुजवून सकाळी तपासली.' कोणी बुजवली, ते लिहिलं नाही. टायपिंग करणाऱ्याचे आभार मानले, मामांचे नाहीत. प्रयोगशाळेच्या शिपायाचं नाव घातलं तर काम हलकं वाटेल, अशी भीती होती. आज त्याची लाज वाटते.

आता मामा गावी जाऊन मेंढरं घेणार आहेत. परवा हसत म्हणाले, "तुमी सांगितलेलं नऊ वर्षांनी करतोय, मॅडम." लई खुशीत होते. मला मात्र हसता आलं नाही.

मंडळी, तुम्ही शांतपणे ऐकलंत, आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, मी आभारी आहे. शेवटी चूकभूल पोटात घाला म्हणायची आपली रीत आहे. आज मी ते रीत म्हणून म्हणत नाही. मामा, पोटात घाला. प्रबंधाचं पुस्तक पुढच्या महिन्यात निघतंय. त्याच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे: 'बिळे बजरंगमामांनी बुजवली.'