नर्सिंगच्या इंटरव्ह्यूतली पकड

तुमाला खोटं वाटंल, पण नर्सिंगच्या इंटरव्ह्यूत मी मॅडमची मान काखेत दाबली होती!

मॅडम म्हणाल्या, "समज, मी पेशंट आहे. इंजेक्शनला घाबरून पळतेय. काय करशील?"

आमच्या घरी शेळ्या. लस टोचताना त्यांना धरायचं काम माझंच. डोकं चालायच्या आधी हातच चालला. मॅडमचा चष्मा खाली, शेजारचे सर उभे, अन् मी थंडगार! अहो, नुसतं 'समजावून सांगते' म्हणायचं होतं!

नंबर कुठला लागायलाय? राणीसावरगावला घरी आले. आबांना रडत रडत सगळं सांगितलं.

आबांनी शेळ्यांपुढं पाला टाकला. मग म्हणाले, "धरल्यावर बाई हलल्या का?"

"न्हाई."

"मंग नापास कामून करतील?"