एकाच नावाचे दोन गड

माझा जन्म इकडचाच, हिंदी मुलखातल्या घमापूरचा, बाबा रेल्वेत फिटर, लग्न होऊन जवळच्याच कांचघर मोहल्ल्यात आली अन् तिथंच चाळीस वर्षं मशीनवर ब्लाउज शिवले. मराठी घरापुरती, बाहेर सगळं हिंदीच. तुम्ही विचारलं म्हणून सांगते दीदी, बाबा म्हणायचे आपले पूर्वज मराठ्यांच्या फौजेसोबत इकडे आले, मूळचे आपण तिकडच्या एका गडावरचे, गडाचं नाव तेवढं घरात चालत आलं, तिथं आपली कुलदेवी आहे, तिची ओटी कितीक पिढ्यांत कोणी भरली नाही. बाबा गेले, मग तेच दादानं धरलं. दादा माझा मोठा भाऊ, लकव्यानं खाटेवर पडला तं रोज एकच, सुमन, तू तरी जाऊन ये.

गेली मग मागच्या हिवाळ्यात, मी अन् माझी पोरगी. गुडघे माझे हे असे, पण बसत बसत चढली, कुठं पायऱ्या, कुठं नुसते दगड, अन् वर वारं इतकं की पदर सांभाळू का पाय. देवीपुढं खण-नारळानं ओटी भरली अन् रडूच आलं मला.

तिथले पुजारी म्हातारे, त्यांनी आडनाव विचारलं. सांगितलं तं त्यांनी परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणे, बाई, ह्या आडनावाचं इथं कोणीच नव्हतं, ह्या गडाच्याच नावाचा दुसरा एक गड आहे, दुसऱ्या जिल्ह्यात, तुमचा तो असेल. मी म्हटलं, असं कसं भैया, तं ते म्हणे, हिंदीत बोला, मला हिंदी येते. घ्या! मी मराठीतच बोलून राहिली होती ना!

मग ही ओटी काढून घेऊ का, मी विचारलं. ते म्हणे, वाहिलेली ओटी कोणी काढते का? पण वाहिली कोणाच्या देवीला, हेच मला समजून नाही राहिलं. पोरीला सुटी नव्हती, दुसऱ्या गडावर जाणं झालंच नाही.

घरी आली, दादाजवळ बसली, खरं तेच सांगणार होती, देवाशपथ. तं तो लकव्यानं वाकड्या झालेल्या तोंडानं विचारते, सुमन, तिनं आपल्याला ओळखलं का गं?

हो म्हटलं. ओळखलं म्हटलं.

आता जो येईल त्याला दादा तेच सांगते अन् पोटभर जेवते. मी पाप केलं का पुण्य, दुसऱ्या गडावर जायला पाहिजे का नाही, काहीच कळत नाही. पण तिच्यापुढं उभी होती तेव्हा परकं नाही वाटलं मला, एवढं खरं. ती कोणाची का असेना, माझ्या दादाला सांभाळो, अन् दीदी, तुमचंही भलं करो.