येळवशीच्या दिवशी पोटाची सफाई

पोट साफ करायच्या पावडरीचं नाव काढलं की मला आमचे दाजी आठवतात. बसवकल्याणला मास्तर आहेत. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं गाव शेतात जेवायला जातं, अन् नेमकी त्याच सकाळी त्यांनी ती पावडर कोमट पाण्यात ढवळून घेतली.

मी म्हटलं, "दाजी, कामून घ्यायलाव हे? पोट आपलं आपण साफ व्हतंय की!"

"आतला जुना कचरा तसा निघत न्हाई," म्हणाले.

मुडबी गावच्या आमच्या शेतात भज्जीचं, म्हणजे शेंगादाण्यांच्या अन् पालेभाज्यांच्या कालवणाचं, पातेलं उघडलं अन् दाजी पाण्याची बाटली घेऊन ताडकन उठले. एरवी त्या रानात चिटपाखरू नसतं. त्या दिवशी मात्र झाडाझाडाखाली पंगत! अन् बांधावरून जाणाऱ्याला तसंच सोडायचं न्हाई, ही आमच्याकडची रीत.

"या मास्तर, जेवायला या!"

"जेवलोय," म्हणत सुटले, तर पुढच्या बांधावर, "मग आंबील तरी घ्या!"

नको म्हणता येईना, खरं सांगता येईना. दाजींनी पाय आवळून उभ्यानंच तांब्याभर आंबील रिचवली अन् पुढं पळाले. मी मागं, हसू दाबत.

ओढ्याजवळच्या शेतात एका म्हाताऱ्या अक्कानं वाटच अडवली. "बसा की मास्तर, कुठं निघालाव?"

दाजी जागच्या जागी पाय बदलायला लागले. अक्कानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग बाटलीकडं बघितलं, अन् अख्ख्या रानाला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"जावा, जावा! आधी जागा करून या. ताट वाढूनच ठिवते!"