नवस न बोलण्याचा नवस

नाही, नाही, फोन परत देऊ नका — तुमच्या खिशातच राहू दे. मी मागितला तरी देऊ नका. रडून मागितला तर अजिबातच देऊ नका. कपडे धुण्याचं मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या हातात कुणी आपला फोन कोंबतं का, असंच म्हणताय ना मनात? म्हणा. आमचे हे असते तर मोठ्याने म्हणाले असते. पण ते मुद्दामच बाहेर गेलेत — तुझी परीक्षा तू दे, म्हणाले, मला शेजारच्या बाकावर बसवू नकोस. तर झालंय असं, भाऊ, की आमची भिंगरी आज घरी येतेय. भिंगरी म्हणजे लेक हो — लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. सकाळी निघालीय, एकटी, स्वतः गाडी चालवत, तो सगळा घाट उतरून. आणि ती दारात उभी राहीपर्यंत मी तिला एकही फोन करायचा नाही, असं मॅडमनी सांगितलंय. आणि याहून कठीण म्हणजे — नवससुद्धा बोलायचा नाही.

मॅडम म्हणजे, कसं सांगू, डॉक्टरच, पण गोळ्या न देणाऱ्या. मनाच्या. त्यांच्याकडे जाऊन नुसतं बोलायचं. हे म्हणाले, बोलायला तुला घर कमी पडायला लागलं का? पण तिथे एक सोय आहे — समोरचं माणूस पेपर वाचत नाही. तुम्ही करा तुमचं काम, करा. पाणीच घेत नाहीये मशीन, बाकी काही नाही. सावकाश करा. मला घाई नाही.

तर नवस. लोक देवाला काहीतरी देतात, मी सोडते. भिंगरीची परीक्षा आली, उशी सोडली. ती पास झाली आणि माझी मान धरली, ती धरलेलीच आहे. यांचं ऑपरेशन झालं तेव्हा लाल रंग सोडला — कपाटातल्या निम्म्या साड्या बहिणीकडे गेल्या, तिला देव न मागता पावला. आणि भिंगरी गाडी शिकायला लागली तेव्हा साखर. साखर म्हणजे साखरच, गोड म्हणून जिभेला लावलं नाही तेव्हापासून. आणि बघा ना, गाडीला एक ओरखडा नाही! हे म्हणतात, घरात आता सोडण्यासारखा मी एकटाच उरलोय, जरा बेताने. तुम्ही हसताय. हसा. पण तुम्हीच सांगा, सगळं नीट चाललेलं असताना माणसाने नवस मोडून बघावा का? नाही ना? तेच तर! तिथेच मी अडकले होते.

चहा घ्या, निवतोय. निळा कप तुमचा, पांढरा माझा, माझ्यात साखर नाही.

मग गेल्या वर्षी — हे खरं तर कुणाला सांगत नाही मी — गेल्या वर्षी भिंगरीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तिकडेच, तिच्या गावात. मला कळलं कधी? ती बरी होऊन कामावर जायला लागल्यावर! तेही तिच्या तोंडून नाही, यांच्या तोंडून निसटलं. यांना माहीत होतं. शेजारच्या वकिलीणबाईंना माहीत होतं. आमच्याकडे भांडी घासायला येते ना, तिलासुद्धा माहीत होतं! मी फोन लावला, म्हटलं, अगं, आईला सांगायचं नाही? तर म्हणते, "आई, तुला सांगितलं असतं तर मला माझं पोट सांभाळू की तुला सांभाळू, असं झालं असतं." असं म्हणाली. शांतपणे. भांडली असती तर बरं वाटलं असतं. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? आई आहे मी, वाटायला हवं होतं की बरं झालं बाई, सुटली पोर. मला वाटलं — मी काहीही न सोडता ही बरी झालीच कशी? रागच आला हो मला. तिचाही आणि देवाचाही.

ते घेऊन गेले मी मॅडमकडे. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "तुम्ही काळजी करता म्हणून ती सुखरूप राहते, असं तुम्हाला वाटतं. मग त्या आठवड्यात तिला कुणी सांभाळलं?" मी म्हटलं, डॉक्टरांनी. आणि देवाने. तर म्हणतात, "तुम्ही न सांगता?" बघा ना, इतकी वर्षं मी त्याच्यापुढे हात जोडते, आणि त्याला आपलं आपण काही सुचत असेल हे माझ्या डोक्यातच नाही! जणू काही तो नवखा नोकर, आणि मी मालकीण.

पण खोड का एका दिवसात जाते? घरी आले, देवासमोर उभी राहिले आणि म्हटलं, देवा, ही खोड सुटू दे, पुन्हा आयुष्यात नवस बोलणार नाही. पुढच्या वेळी मोठ्या ऐटीत सांगितलं तर मॅडमनी रुमाल तोंडावर धरला. म्हणाल्या, "अहो, हासुद्धा नवसच झाला." मग त्यांनी मला काळजीची वेळ ठरवून दिली. संध्याकाळी, त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हवी तेवढी काळजी करायची, एरवी आली तर तिला सांगायचं, संध्याकाळी ये. पहिल्या दिवशी खुर्ची पुरेना मला. आता जेमतेम बसते, आणि लक्ष जातं पडद्याकडे, की हा धुवायला हवा. आणि मनात भलतंसलतं आलं की त्याच्या मागे शेपूट लावायचं — "असा एक विचार आला." म्हणजे गाडी दरीत गेली, असं नाही. गाडी दरीत गेली, असा एक विचार आला. गाडी रस्त्यावरच असते, विचार दरीत.

काय? नळ? मशीनमागचा नळच बंद होता? अगं बाई! कुणी केला असेल बंद! — बरं, जाऊ दे, खोटं कशाला बोलू. मीच केला. सकाळी, ती निघाल्यावर. एकटीला बसवेना हो घरात. शेजारी जावं तर वकिलीणबाई फोन देतात, दयाळू आहेत. म्हटलं, परक्या माणसासमोर तरी लाज राहील. रागावू नका. तुमचे पैसे पूर्ण देते, चहा प्या — अहो, संपवलात? मग हा माझ्या हातात —

हा निळा आहे.

मी निळ्यातला प्यायले. सगळा. बोलण्याच्या नादात... आणि तुम्ही माझा पांढरा प्यायलात, बिनसाखरेचा, आणि एका शब्दाने बोलला नाहीत? असले कसले हो तुम्ही भिडस्त! साखर, भाऊ. साखर गाडीची होती. तिच्या गाडीची. आणि ती या क्षणी घाटात — द्या तो फोन. द्या म्हणते ना! मी रडत नाहीये, डोळ्यांत पाणी आलंय, त्यात फरक असतो... नाही. नका देऊ. खिशावर हात ठेवा, असा. थांबा जरा. गाडी... असा एक विचार आला. असा एक — विचार — आला. तिखट सोडते, लगेच, आत्तापासून — नाही, तेही नाही. काहीच सोडायचं नाही. नुसतं बसायचं. भीती लाटेसारखी येते म्हणतात मॅडम, तिला आपण धरून ठेवलं नाही तर ओसरते. बघू. बसा तुम्हीपण. पाना वाजवत राहा, कशावरही वाजवा, काही तरी आवाज होऊ दे. देवा, तुझं तू बघ बाबा. मी आज काही मागत नाही, काही देत नाही. सवय नाही रे मला अशी नुसती बसायची तुझ्यासमोर.

...जिभेवर अजून आहे हो गोडवा. किती वर्षांनी! विसरलेच होते.

फाटक वाजलं? — नका उठू. मीही उठणार नाही. खिडकीत गेले तर तिला वाटेल, आई सकाळपासून तिथेच उभी आहे. गाडीचं दार... तिचंच. असं आपटते तीच, कितीदा सांगितलं. आली! अहो, आली! आणि मी साखर खाऊनसुद्धा! म्हणजे — म्हणजे साखर खाल्ली म्हणूनच तर नाही? आता ती यायची असली की दर वेळी दोन चमचे साखर... बघा! बघितलंत? आत्ताच्या आत्ता तुमच्यासमोर नवा नवस उगवला! शेपूट लावा त्याला कुणीतरी.

चला, निघा आता तुम्ही. मागच्या दाराने जा, आणि तिने विचारलंच तर मशीन बिघडलं होतं, समजलं ना? फोन ठेवा तिथे, ओट्यावर. आणि जाता जाता तो वरच्या फळीवरचा साखरेचा डबा तेवढा खाली काढून द्या — माझी मान वर होत नाही.