खालच्या गावाचा वाटा

(किर्गिझस्तानातलं डोंगराळ खेडं; तिथे वडीलधाऱ्या बाईला ‘आपा’ आणि पुरुषाला ‘आके’ म्हणतात.)

बुरमाकान : अहो डॉक्टर, दाराशी काय बसलात! पाहुण्याला दाराशी बसवलं म्हणून गाव मला नावं ठेवेल. वर या, त्या गादीवर बसा. आणि चहात रिवाजाचं मीठ नाही घातलेलं, बिनघोर प्या. तुम्ही सांगून गेलात तेव्हापासून या घरातून मीठ हद्दपार आहे.

डॉक्टर जिपार : आज घातलं असतं तरी प्यायले असते, आपा. घाटात गाडी बर्फात रुतली, उतरून ढकलावी लागली. एसेनकुल आके कसे आहेत?

बुरमाकान : त्यांनाच विचारा की. तोंड वाकडं झालंय, कान शाबूत आहेत.

एसेनकुल : बरा... आहे.

बुरमाकान : ऐकलंत? वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या आणि हे मेंढवाड्यात पडले. उजवा हात गेला, पाय ओढत चालतात, तरी कुणी विचारलं की बरा आहे. उन्हाळ्यात सगळ्या गावाची मेंढरं ह्यांच्या भरवशावर कुरणावर जायची. आता अंगणातल्या कोंबड्या जुमानत नाहीत ह्यांना.

एसेनकुल : कोंबड्या... आधीही नव्हत्या जुमानत.

डॉक्टर जिपार : चला, जीभ जड झाली तरी तिखटपणा तसाच आहे, आके.

बुरमाकान : जिभेचं सोडा. तुम्ही एवढ्या बर्फातून आलात ते ह्यांची जीभ बघायला नाही. एरवी रक्तदाब मोजणाऱ्या पोरी पाठवता. थोरली डॉक्टरीण स्वतः आली म्हणजे काहीतरी बिनसलंय.

डॉक्टर जिपार : बिनसलं नाही. गोळीचा अभ्यास संपला, तेच सांगायला निघालेय. ठरल्यापेक्षा लवकर संपला. बिश्केकहून निरोप आला, आता थांबवा.

बुरमाकान : का? गोळीनं कुणी दगावलं का?

डॉक्टर जिपार : उलट झालंय, आपा. वरच्या गावांना ती गोळी देत होतो ना, चार औषधं एकत्र केलेली? तिथे हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात जवळजवळ निम्म्यावर आले. इतका लख्ख फरक दिसल्यावर तुलना करत बसायचं नाही, असं ठरलं. सगळीकडे चर्चा आहे त्याची. परदेशातल्या मोठ्या परिषदेत आमच्या सरांनी निकाल सांगितला, तर लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

बुरमाकान : निम्म्यावर.

डॉक्टर जिपार : हो.

बुरमाकान : म्हणजे आमच्याकडे जेवढे पडले, त्यातले निम्मे आज चालते-बोलते असते.

डॉक्टर जिपार : एकेका माणसाबद्दल असं नाही सांगता येत, आपा. गोळी घेऊनही काहींना झटका आलाच, आणि न घेता काही जण—

बुरमाकान : मी एकाच माणसाशी लग्न केलंय, डॉक्टर. गावाशी नाही.

डॉक्टर जिपार : कळतंय मला.

बुरमाकान : शाळेत सगळ्या गावांना बोलावलंत. टोपीतून चिठ्ठ्या काढल्यात. नदीच्या वरच्या गावाला गोळी निघाली, आमच्या खालच्या गावाला नुसतं मोजणं. माझी बहीण कानिशाय वर दिलेली, मी खाली. एका आईच्या दोन पोरी, आणि तुमच्या टोपीनं आमची अशी वाटणी केली.

डॉक्टर जिपार : चिठ्ठी नसती काढली तर खरं काय ते कळलंच नसतं. गोळी चालते की नाही, हे तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं. खुदाशपथ. आणि खालच्या गावाला बाकीची औषधं घ्यायला मनाई नव्हती. गावच्या दवाखान्यातून—

बुरमाकान : दवाखान्यातून! तिथे काय मिळतं? आयोडीन, बँडेज आणि कंपाउंडरच्या जांभया. रक्तदाबाची गोळी आली तर आली, एरवी जा शहरात. आणि मेंढ्या कुरणावर असताना शहरात कोण जाणार, मेंढ्या?

एसेनकुल : बास, बुरमाकान.

बुरमाकान : तुम्ही गप्प बसा, मी बोलतेय. डॉक्टर, तुमच्या निकालाला टाळ्या पडल्या ना, मग हेही ऐकून घ्या. मी कानिशायच्या गोळ्या आणत होते. एक दिवस ती घ्यायची, एक दिवस हे घ्यायचे. तुमच्या पोरी रिकामी पाकिटं बघायच्या, ती रिकामी पाकिटं दाखवायची. झालं समाधान सगळ्यांचं.

डॉक्टर जिपार : कधीपासून?

बुरमाकान : तिच्या पायांची सूज उतरलेली बघितली तेव्हापासून. मला शास्त्र कळत नाही, पण सूज उतरलेली कळते. करा, काय करायचं ते करा. तुमच्या निकालाला डाग लागला असेल तर लागू दे.

डॉक्टर जिपार : मी काही करणार नाही, आपा. तुमच्या जागी असते तर मीही आणल्या असत्या.

बुरमाकान : मग आता मला एक सांगा. वसंतापासून हा एकच प्रश्न उराशी धरून बसलेय. चोरीचा मामला, विचारणार कुणाला? जगभर टाळ्या मिळवणारी गोळी माझ्याच नवऱ्याला कशी लागू पडली नाही? एक दिवसाआड दिली म्हणून? रोज द्यायला हवी होती का? मी कानिशायला सांगायला हवं होतं का, की तुझं राहू दे, सगळ्याच मला दे?

डॉक्टर जिपार : एक दिवसाआड घेतली तर गुण कमी येतो, हे खरं. पण थोडा तरी येतो. आणि... थांबा. आके, दर वेळी तुमचा रक्तदाब मोजायचो, तो चढाच असायचा. एकदाही उतरलेला पाहिला नाही मी. थोडा तरी उतरायला हवा होता.

बुरमाकान : म्हणजे काय?

डॉक्टर जिपार : आके?

(एसेनकुल डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून मांडीवर घेतो.)

एसेनकुल : घेतली नाही.

बुरमाकान : काय घेतली नाही?

एसेनकुल : गोळी. एकही.

बुरमाकान : काहीतरीच काय बोलताय! माझ्यासमोर तोंडात टाकायचात. वर चहा प्यायचात.

एसेनकुल : गालात... धरायचो. मेंढवाड्यात गेलो की... थुंकायचो.

बुरमाकान : थुंकायचात.

एसेनकुल : हो.

बुरमाकान : माझी बहीण स्वतःच्या तोंडातली काढून देत होती. ती मी नदीवरून शालीआड लपवत आणायचे. आणि तुम्ही ती लेंड्यांमध्ये थुंकत होतात? अहो, आवडत नव्हती तर तोंडावर भिरकावायची होतीत! निदान कानिशायनं तरी पूर्ण घेतली असती!

डॉक्टर जिपार : आपा, बसा. आके, का? कडू लागायची? भीती वाटली?

एसेनकुल : शब्द दिला होता.

डॉक्टर जिपार : कुणाला?

एसेनकुल : तुला. शाळेत. तू उभी होतीस... फळ्यापाशी. म्हणालीस, दोन कळप मिसळले... तर कुणाची मेंढी कुठली, कळत नाही.

डॉक्टर जिपार : म्हणाले होते. सगळे मेंढपाळ बसले होते समोर, त्यांना पटावं म्हणून म्हणाले.

एसेनकुल : पटलं मला. जन्मभर तेच केलं... मिसळू दिले नाहीत.

बुरमाकान : पटलं म्हणे! अख्ख्या शाळेत ह्यांनाच तेवढं पटलं! अहो, निम्म्या गावाचे सोयरे वर आहेत. कुणी जावयाकडून आणली, कुणी मेहुण्याकडून. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन आपापलं बघितलं. आणि तुम्ही तेवढे राखण करत बसलात!

एसेनकुल : त्यांचं... त्यांच्यापाशी.

डॉक्टर जिपार : आके, तुम्ही मला विचारलं असतंत तर... नाही. विचारलं असतंत तर मीही नका घेऊ असंच म्हटलं असतं. नियम तोच होता.

एसेनकुल : रागावू नको गं, तू तरी. मला बोलायला वेळ लागतो. बाप पडला... पेंढा रचताना. मग थोरला भाऊ, कुरणावर, घोड्यावरून. आम्ही म्हटलं, नजर लागली. आता भावाचा मुलगा केनेश. त्याचं डोकं दुखतं. त्याच्या बापाचं दुखायचं तसंच. लहान मुलं आहेत त्याची. तू म्हणालीस... खालच्या गावांनी नीट पाळलं तरच खरं कळेल. आणि कळलं... की सगळ्यांना गोळी. खालच्यांना आधी. म्हटलं, मी थांबतो. कळू दे एकदा.

बुरमाकान : मला सांगायचं होतंत.

एसेनकुल : तू... ऐकलं असतंस?

बुरमाकान : नाही. उरावर बसून भरवली असती.

एसेनकुल : म्हणून.

डॉक्टर जिपार : थोडं पाणी देता, आपा?

बुरमाकान : घ्या. रडू नका बाई, मला सावरता येणार नाही. एकाला सांभाळताना जीव मेटाकुटीला आलाय.

एसेनकुल : मग... कधी येणार?

डॉक्टर जिपार : काय, आके?

एसेनकुल : गोळी. आमच्याकडे. कळलं ना आता.

डॉक्टर जिपार : तेच सांगायला आलेय, आणि मघापासून टाळतेय. गोळ्या परदेशातली संस्था देत होती, अभ्यासापुरत्या. अभ्यास संपला, त्यांचं काम संपलं. पुढचं सरकारनं बघायचं. आम्ही मंत्रालयात गेलो. सर गेले, मी दोनदा गेले. अभिनंदन केलं त्यांनी. औषधांच्या यादीत घालायचा विचार करू म्हणाले. या वर्षी नाही. पुढच्या वर्षीही, मला वाटतं, नाही.

बुरमाकान : म्हणजे खालच्या गावाला नाही.

डॉक्टर जिपार : नाही.

बुरमाकान : आणि वर? कानिशायला?

डॉक्टर जिपार : त्यांच्याकडे आहेत तेवढ्या. कुरणावर जायच्या दिवसांपर्यंत पुरतील.

बुरमाकान : मग बंद? चालते हे कळल्यावर बंद? न चालणारी असती तर एक वेळ समजले असते मी!

डॉक्टर जिपार : मलाही समजत नाहीये, आपा. बाहेरचे देश आता आपापल्या दवाखान्यांत ती वापरायला घेताहेत, आपल्या निकालाच्या जोरावर. आमच्याकडे अभ्यासासाठी ठेवलेली तपासणीची यंत्रंसुद्धा परत मागवलीत.

बुरमाकान : शाबास. पडायचं आम्ही आणि शहाणं व्हायचं दुसऱ्यांनी.

एसेनकुल : पण तू... म्हणालीस.

डॉक्टर जिपार : हो. मला जे सांगितलं होतं ते मी तुम्हाला सांगितलं, आणि माझा त्यावर विश्वास होता. आता तुम्ही मला काहीही बोला.

एसेनकुल : काय बोलू? तुझं... वय केवढं.

डॉक्टर जिपार : आके, पिशवीत काही पाकिटं आहेत. उरलेली नष्ट करायला सांगितली होती, मी ती ठेवून घेतली. तुमच्यासाठी आणलीत. बाहेर कुणाला सांगू नका.

बुरमाकान : बघा, आता डॉक्टरीणही चोरीच्या मालावर आली. आणा इकडे. हे घेतील. या वेळी मी गालात बोट घालून बघणार.

एसेनकुल : मला सांग पोरी, खरं सांग. ही घेतली तर... हात येईल?

डॉक्टर जिपार : नाही, आके.

एसेनकुल : हृदय? मागे तू छातीवर ते यंत्र लावून... बघत होतीस. चेहरा पडला होता तुझा.

डॉक्टर जिपार : हृदय फार थकलंय. ही गोळी पुढचा झटका थोडा लांबवेल कदाचित. थकलेलं हृदय ताजं करणारी ही गोळी नाही. तसं औषध आमच्याकडे नाही.

एसेनकुल : मग केनेशला दे.

बुरमाकान : अजिबात नाही. केनेशला डॉक्टर देतील की आणखी. दोघांना देतील.

डॉक्टर जिपार : दोघांना पुरतील एवढी नाहीत, आपा. एकट्यालाही हिवाळाभरच.

बुरमाकान : आणि हिवाळा सरल्यावर? केनेशनं घेतली, डोकं दुखायचं थांबलं, मग गोळी संपली, मग काय होतं?

डॉक्टर जिपार : रक्तदाब पुन्हा चढतो.

बुरमाकान : पहिल्याइतका?

डॉक्टर जिपार : पहिल्याइतका.

बुरमाकान : म्हणजे त्याला उन्हाळा येईतो आशा दाखवायची, आणि मग बापाच्या वाटेनं जा म्हणायचं.

एसेनकुल : एक हिवाळा... तरी मिळेल. मुलांना.

बुरमाकान : तुमची बायको समोर बसलीय, तिला हिवाळा नको का?

एसेनकुल : तुझ्यापाशी... आहे की मी. असाच.

बुरमाकान : असाच! बघितलंत, डॉक्टर? ह्या माणसाशी आयुष्यात एकदा तरी नीट भांडण व्हावं अशी माझी इच्छा होती. अर्ध्यातच हत्यार काढून घेतात.

डॉक्टर जिपार : ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. अंधाराआधी घाट उतरायला हवा. मी इथे पाकिटं ठेवते, कुणी घ्यायची ते तुम्ही ठरवा. मी मंत्रालयात परत जाईन, आपा.

बुरमाकान : जा. जायला कोण नको म्हणतंय. तिथे चहा बरा मिळत असेल.

डॉक्टर जिपार : येते, आके.

एसेनकुल : गाडी... सावकाश चालव म्हणावं. वळणावर बर्फ कडक असतं.

बुरमाकान : हा पाव घ्या वाटेत खायला. घ्या हो, रिकाम्या हातानं माझ्या दारातून कुणी जात नाही. आणि डोळे पुसा, ड्रायव्हर काय म्हणेल. दार ओढून घ्या जाताना, थंडी शिरते.

एसेनकुल : गेली?

बुरमाकान : गेली.

एसेनकुल : रागावलीस?

बुरमाकान : कुणावर रागावू? तरुणपणी गावातल्या पोरी म्हणायच्या, एसेनकुल शब्दाचा पक्का आहे. त्याच्यावरच भाळले, गाढवासारखी. पाकिटं केनेशच्या बायकोकडे देते उद्या. तिला सांगीन, गिळल्यावर त्याची जीभ वर करून बघत जा. घराण्याची खोड आहे म्हणावं.

एसेनकुल : बुरमाकान.

बुरमाकान : काय?

एसेनकुल : तिनं मला... निकालात मोजलं असेल ना? तू गोळ्यांचं बोललीस, म्हणून काढून नाही ना टाकणार?

बुरमाकान : कशाला काढेल. तुम्ही घेतली नाहीत, हे तिनं ऐकलं ना तुमच्याच तोंडून.

एसेनकुल : म्हणजे मी... पडलेल्यांत आहे.

बुरमाकान : पडलेल्यांतच आहात.

एसेनकुल : बरं झालं. नाहीतर... फुकटच गेलं असतं.