चुन्याची निवळी

जावई : मामा, हा चमचा बघा. वाळूत खुपसतोय, आत जातच नाही.

सासरे : धरलीय ती.

जावई : धरलीय म्हणजे?

सासरे : घट्ट बसली. वाळूत चुना मिसळला की ती धरणारच. जन्मभर गवंडीकाम केलं मी, दुसरं काय केलं?

जावई : ही भिंत नाही हो. समुद्रातल्या माशांची टाकी आहे. वाळू मोकळी लागते, तिच्यात बारीक किडे राहतात, गोगलगायी फिरतात. मी बारा दिवस गावाला काय गेलो, तळाची फरशी झाली.

सासरे : पोरीने बघितलं का?

जावई : ती कुठे बघते टाकीकडे? पण आज बघेल. सहाला येईल.

सासरे : मग तास आहे हातात. फोडून काढू. माझी छोटी छिन्नी आहे पेटीत.

जावई : काचेच्या टाकीत छिन्नी? आणि खाली बघा, काळं पडलंय. हवा पोचली नाही की आतल्या आत कुजतं. सडक्या अंड्याचा वास येतोय ना? फोडलं की सगळी घाण पाण्यात. आधी मासे बाहेर काढायला हवेत.

सासरे : किती उरलेत?

जावई : दोन. तो हिरवा कोपऱ्यात धापा टाकतोय. दिवे मालवले की तो वाळूत शिरून झोपतो. त्याचं तोंड बघा.

सासरे : सोललंय.

जावई : रोज शिरायला बघत असणार.

सासरे : मुका जीव. तक्रार कुठे करणार?

जावई : मी जाताना काय सांगितलं होतं? गोगलगायींच्या शंखांना चुना लागतो, म्हणून बाटलीत चमचाभर चुना, वर पाणी. चुना खाली बसू द्यायचा आणि सकाळी वरची निवळी तेवढी कपभर ओतायची. गाळ नाही.

सासरे : निवळीत कसला दम? सगळा चुना तर तळाला. मी हलवून ओतला. गवंड्याला चुना शिकवू नका जावईबापू.

जावई : नाही शिकवत. पण रोज कपभर हलवून ओतलं तरी एवढं होत नाही. पाणी काठाला आलंय. आणि हा चुन्याचा डबा तीन महिने पुरतो. तळ दिसतोय त्याचा.

सासरे : हात सढळ आहे माझा.

जावई : मामा.

सासरे : काय मामा मामा?

जावई : दिवसातून कितीदा ओतत होतात?

सासरे : मोजत नव्हतो.

जावई : एकदाच तर ओतायचं होतं. त्यात मोजायचं काय?

सासरे : जरा टेकू द्या. गुडघा धरलाय.

जावई : बसा. पाणी देऊ?

सासरे : नको. सकाळी ओतायचो मी, अगदी वेळेवर. मग चहा व्हायचा, आणि वाटायचं, आज ओतलं का? का ते कालचं आठवतंय? बाटलीकडे बघून काही कळायचं नाही. मग ओतायचो. आमचा मिस्त्री सांगायचा, स्लॅबला पाणी मारलं की नाही अशी शंका आली तर परत मार. जास्त पाण्याने स्लॅब बिघडत नाही, कोरडा राहिला तर तडकतो.

जावई : रोज यायची ही शंका?

सासरे : दुपारीसुद्धा.

जावई : हिला बोलला नाहीत कधी?

सासरे : काय बोलू? दुधाचं पातेलं जळालं त्याच आठवड्यात ती म्हाताऱ्यांचं ते घर बघून आली. तुम्हीही होतात बरोबर. बाग चांगली आहे म्हणे. मला टाकीचं काम दिलंत तेव्हा म्हणाली, एवढं नीट जमलं तर बघू. अजून बघतोच आहोत.

जावई : असं करू. मीच प्रमाण चुकीचं सांगितलं, असं सांगतो. बोलेल मला, सवय आहे.

सासरे : ती बोलली की दोन दिवस ताटातून मान वर करत नाही तुम्ही. बघितलंय मी.

जावई : चालतं हो.

सासरे : आणि उद्या मी गॅस उघडा ठेवला, तर तेही तुम्हीच चुकीचं सांगितलं होतं?

जावई : तसं नाही...

सासरे : बादली आणा. त्या हिरव्याला आधी हलवू. नवी वाळू आहे का घरात?

जावई : आहे अर्धी पिशवी. बादलीत टाकू. आज तरी झोपेल.

सासरे : चाळून टाका. खडा नको, तोंड सोललंय त्याचं.

(दाराची बेल.)

जावई : लवकर आली आज. तुम्ही काही बोलू नका, मी बघतो.

मुलगी : अगंबाई, वास कसला हा? आणि बादली कशाला मध्येच? बाबा, असे का बसलात?

सासरे : ये, बस माझ्याजवळ. पर्स नंतर ठेव. एक सांगायचंय तुला, आठवतंय तोवर सांगून टाकतो.